ड्रोनच्या आकड्याखालचा कोयता

किनाऱ्यावरच्या पाणथळ जागांत घुसलेलं परकं गवत किती आहे, हे ड्रोनने मोजावं की नाही यावरचा वाद मी बराच काळ वाचतो आहे, आणि दरवेळी वाटतं की दोन्ही बाजू भलत्याच प्रश्नावर हमरीतुमरीवर येतात. ड्रोनवाले म्हणतात, आमचा अंदाज प्रत्यक्ष वजनाशी उत्तम जुळतो, मग माणसांना चिखलात कशाला उतरवायचं? चिखलात काम करणारे म्हणतात, गवत डोळ्यांना दिसतंय, ते काढायचं सोडून त्याचे फोटो काय काढता? माझं मत सुरुवातीलाच सांगतो. ड्रोन हवाच. पण ड्रोन वजन करत नाही. वजन चिखलात उभं राहून, कापून, वाळवून, तराजूवर ठेवून होतं. ड्रोन ते वजन शेकडो हेक्टरांवर पसरवतो. खाली झालेली चूकही तो तितक्याच इमानाने पसरवतो. म्हणून पैसा आणि काळजी आधी त्या चिखलात गेली पाहिजे, आणि गवत काढून झाल्यावरही उड्डाणं चालू राहिली पाहिजेत. आज बहुतेक ठिकाणी नेमकं उलट होतं: कापणी उरकायची म्हणून केली जाते आणि गवत संपलं की ड्रोन पेटीत जातो.

चीनच्या किनाऱ्याचं उदाहरण घेतो, कारण हा प्रश्न तिथल्याइतका मोठा क्वचितच कुठे झाला असेल. स्पार्टिना अल्टर्निफ्लोरा हे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं खारं गवत १९७९ मध्ये चीनमध्ये मुद्दाम आणलं गेलं. नानजिंग विद्यापीठातले प्राध्यापक चुंग छुंगशिन यांचा त्यात पुढाकार होता. हेतू वाईट नव्हता. किनारा धुपत होता, समुद्राकडून जमीन मिळवायची होती, जनावरांना चारा आणि शेताला खत हवं होतं. हे गवत खाऱ्या पाण्यात, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, माणसाहून उंच वाढतं आणि मुळांनी गाळ धरून ठेवतं. भरघोस जैवभार, म्हणजे वाळवून तोललेल्या गवताचं वजन, हा त्याचा मोठा गुण मानला गेला होता. २००३ मध्ये त्याच देशाने उपद्रवी परक्या प्रजातींची पहिली यादी काढली, तेव्हा १६ नावांत हे गवत होतं. २०१५ पर्यंत त्याने ५० हजार हेक्टरहून जास्त किनारा व्यापला होता, आणि २०२२ मध्ये सरकारला ते २०२५ पर्यंत ९० टक्क्यांहून अधिक काढून टाकण्याची देशव्यापी मोहीम जाहीर करावी लागली. ज्या किलोंसाठी गवत आणलं, तेच किलो आता काढायच्या खात्यावर मांडले जात आहेत. जैवभाराचा आकडा स्वतःहून चांगला किंवा वाईट नसतो हे इथेच लक्षात यायला हवं. तो कशासाठी मोजला, हे आधी विचारलं पाहिजे.

आता मोजतात कसं ते पाहू, कारण वाद घालणाऱ्यांपैकी अनेकांच्या बोलण्यात हा भाग येतच नाही. ओहोटी लागली की माणसं पोटरीभर चिखलातून आधी ठरवलेल्या जागी जातात. अर्धा मीटर बाय अर्धा मीटरची चौकट गवतात बसवायची, आणि तिच्या आत मूळ असलेलं प्रत्येक धाट चिखलाच्या पातळीला कापायचं. दाट गवतात ही चौकट सरळ खाली बसतच नाही. धाटं बाजूला सारून ती घालावी लागते. कडेचं धाट आतलं की बाहेरचं, हे हाताने चाचपून ठरवावं लागतं. कापलेलं गवत धुऊन मीठ-गाळ काढायचा, कागदी पिशवीत भरून ओव्हनमध्ये साठ-सत्तर अंशांवर वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवायचं, मग तोलायचं. त्याच दिवसांत वरून ड्रोनने लाल आणि अवरक्त प्रकाशातली छायाचित्रं घेतलेली असतात, शिवाय छायाचित्रांवरून किंवा लेझरवरून गवताची उंची काढलेली असते. चौकटीचं वजन आणि त्या जागेचा रंग व उंची यांचं नातं गणिताने बसवतात आणि ते उरलेल्या सगळ्या पट्ट्याला लावतात. चौकटीची जागा नोंदवताना अर्ध्या मीटरची चूक झाली, तर वजन एका ठिकाणचं आणि रंग शेजारच्या ठिकाणचा अशी जोडी जमते.

ड्रोनच्या बाजूने जे सर्वांत बळकट मुद्दे आहेत ते मला पूर्ण मान्य आहेत. भरतीच्या वेळा सांभाळत माणूस दिवसाला किती चिखल तुडवणार? जिथे पाय घोट्याऐवजी कमरेपर्यंत रुततो, तिथे माणूस पाठवणं धोक्याचंच आहे. शिवाय प्रत्येक पाऊलवाट त्या खाजणाला इजा करते. उपग्रह हा पर्याय सगळीकडे पुरत नाही. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या छायाचित्रातला एक ठिपका जमिनीवर १० मीटरचा असतो, आणि स्पार्टिनाचा नवा पुंजका सुरुवातीला एखाद्या खोलीएवढाही नसतो. मोकळ्या चिखलावर गोल गोल पुंजके उगवतात, काही वर्षांत ते एकमेकांना भिडतात, आणि मग जो सलग पट्टा दिसतो तोवर फार उशीर झालेला असतो. हे पुंजके वेळेत पकडायचं काम ड्रोन ज्या पद्धतीने करतो, तसं दुसरं कुठलंही साधन आज करत नाही. म्हणून ‘ड्रोन हे इंजिनिअरांचं खेळणं आहे’ असं म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात जमत नाही.

पण पुंजका सापडणं वेगळं आणि त्याचं वजन सांगणं वेगळं. इथे आपल्याकडचा एक जुना वाद आठवतो. १९३० च्या दशकात संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी बंगालमध्ये तागाच्या पिकाचा अंदाज नमुना-पाहणीने काढायला सुरुवात केली. सगळं शेत कापायची गरज नाही, शितावरून भाताची परीक्षा करता येते, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. शेतात अगदी लहान वर्तुळं आखून कापणी करायची, ती खूप ठिकाणी करायची, खर्च कमी येतो. त्याला हरकत घेतली ती दुसऱ्या एका संख्याशास्त्रज्ञाने, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेल्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी. निरनिराळ्या आकारांचे वाफे कापून त्यांनी दाखवलं की वाफा जितका लहान, तितकं उत्पादन फुगून येतं. लहान वाफ्याला आतल्या जागेच्या मानाने कड जास्त असते, आणि कडेवरची ताटं कापणारा माणूस नकळत आत ओढतो. हे घडतं ते त्या माणसाच्या हातात. कागदावरचं सूत्र अगदी बरोबर असतं. कामगार नीट शिकवले तर हा दोष राहत नाही, असं दुसऱ्या बाजूचं म्हणणं होतं आणि त्यातही तथ्य होतं. पण हा वाद उघडपणे, संशोधनाच्या नियतकालिकांत, आकडे मांडून झाला, आणि पीक कापणी प्रयोग कसा करावा याची शिस्त देशाला त्यातून मिळाली. आणेवारी चुकली की गावाचं काय होतं हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

आज खाजणातली चौकट ही सुखात्म्यांच्या लहानातल्या लहान वाफ्यांच्याच जातीची असते. हिशोब करून बघा. पाव चौरस मीटरच्या साठ चौकटी कापल्या तर कापलेली जागा १५ चौरस मीटर. त्यावरून ५०० हेक्टरांचा, म्हणजे ५० लाख चौरस मीटरांचा अंदाज बांधायचा. समजा दाट गवतात प्रत्येक चौकटीत कडेचं एक धाट चुकून आत आलं आणि ते वाळल्यावर १० ग्रॅम भरलं. एका हेक्टरात अशा ४० हजार चौकटी मावतात, म्हणजे हेक्टरी ४०० किलो जास्त. ५०० हेक्टरांवर २०० टन. हे २०० टन कुठल्याही छायाचित्रात नव्हते. ते कोयता धरणाऱ्या हाताने दिले आणि ड्रोनने मोठे केले. चुका दोन्ही दिशांना झाल्या तर एकमेकींना खाऊन टाकतात. एकाच दिशेची चूक कितीही उड्डाणं केली तरी जात नाही. एवढं असून ड्रोनवरच्या चर्चेत कॅमेरा कुठला आणि गणिताची पद्धत कुठली यावर पानंच्या पानं खर्ची पडतात; चौकट कुणी बसवली, कडेच्या धाटाचं काय केलं, हे एका ओळीत आटोपतं. हा क्रम मला सहन होत नाही.

‘अंदाज वजनाशी उत्तम जुळतो’ या दाव्यातही एक गोम आहे. चौकटी काही मोकळ्या चिखलाजवळच्या विरळ गवतात असतात, काही खाडीच्या काठच्या उंच दाट गवतात. विरळ आणि दाट यांत फरक करणं सोपं असल्यामुळे एकूण ताळमेळ चांगला दिसतोच. अडचण येते ती दाट आणि अतिदाट यांत. तिथे पानांचा हिरवेपणा एका मर्यादेनंतर वाढत नाही, म्हणजे गवत दीडपट झालं तरी रंगाचा निर्देशांक जवळपास तिथेच राहतो. उंचीचंही तसंच. उंची काढायला वरचा शेंडा आणि खालची जमीन दोन्ही दिसावी लागतात, आणि दाट स्पार्टिनात जमीन छायाचित्रात दिसत नाही. लेझरचे किरणही बरेचसे मध्येच अडतात, त्यामुळे यंत्राला वाटणारी जमीन खऱ्या जमिनीच्या वर असते आणि गवत बुटकं भासतं. म्हणजे जिथे भार सर्वांत जास्त, तिथेच अंदाज सर्वांत कच्चा. त्यात तपासणीसाठी ठेवलेल्या चौकटी बहुधा गणित बसवायला वापरलेल्या चौकटींच्या शेजारच्याच असतात. शेजाऱ्याचं वजन ओळखलं यात परीक्षा कसली? दुसऱ्या खाडीत, दुसऱ्या वर्षी, दुसऱ्या माणसांनी कापलेल्या चौकटींवर तोच हिशोब टिकला तर मी मानीन.

आणि हे सगळं झालं जमिनीच्या वरचं. स्पार्टिनाचा खरा जोर चिखलाखाली आहे. मुळांसारखी खोडं आडवी पसरतात आणि वरून कापलं की पुन्हा फुटतात. अनेक खाजणांत खालचा भार वरच्यापेक्षा जास्त असतो, आणि वर किती यावरून खाली किती हे ठरावीक प्रमाणात निघत नाही. याचा सर्वांत ठसठशीत पुरावा या गवताच्या मूळ प्रदेशातून आला. मॅसॅच्युसेट्समधल्या प्लम आयलंडच्या खाजणात संशोधकांनी नऊ वर्षं भरतीच्या पाण्यात खताची मात्रा सोडली. गवत वर जोमाने वाढलं, आणि मुळं मात्र आखडली. शेवटी खाडीचे काठ तडे जाऊन कोसळू लागले, हिरवळ चिखलात लोटली गेली. २०१२ मध्ये हे काम ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलं. त्या काठावर सातव्या-आठव्या वर्षी ड्रोन उडवला असता तर त्याने भरपूर जैवभार सांगितला असता, आणि वरच्या गवतापुरतं ते खरंही असतं. मग चीनमध्ये, जिथे नद्या शेतांतलं खत घेऊन समुद्राला मिळतात, तिथे वरचा आकडा एका ठरावीक पटीने गुणून ‘एकूण भार’ म्हणून छापणं कितपत योग्य? चौकटीबरोबर नळी खुपसून मुळांचा नमुना काढणं कष्टाचं आहे, धुताना बोटं सोलपटतात, तरी त्याला पर्याय नाही.

दुसऱ्या बाजूचा युक्तिवादही कच्चा नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर वॉशिंग्टन राज्यातल्या विलापा उपसागरात हेच गवत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कालवांबरोबर आलं आणि २००३ च्या सुमारास साडेआठ हजार एकरांपर्यंत पोचलं. पुढे इमॅझापीर हे तणनाशक हाती आलं, निधी मिळाला, आणि काही वर्षांत ते जवळजवळ संपवलं गेलं. कुठे आहे एवढं कळलं, दर हेक्टरी किती किलो आहे हे कळायची गरज पडली नाही. मग वजनाचा हट्ट का? मी हे मानतो: नुसतं मारायचं असेल तर नकाशा पुरतो. पण त्याच किनाऱ्यावर दक्षिणेला, सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात काय झालं तेही बघावं. तिथे १९७० च्या दशकात लावलेल्या स्पार्टिनाचा स्थानिक स्पार्टिनाशी संकर झाला, संकरित गवत उंच आणि दाट वाढलं, आणि ते काढायची मोहीम यशस्वी होऊ लागली तशी रिजवेज रेल या दुर्मीळ पाणपक्ष्याची संख्या घसरली. आपली जुनी जागा गमावलेला तो पक्षी या परक्या गवताच्या आडोशाने राहू लागला होता. २०११ पासून काही ठिकाणी गवत काढणं थांबवावं लागलं. गवत किती दाट, किती उंच, कुठे पक्ष्याला लपायला पुरेसं, हे मोहिमेच्या आधी बारकाईने मोजलं असतं, तर गवत काढण्याचा क्रम त्यावरून ठरवता आला असता. इथे वजनाला आणि उंचीला अर्थ आहे, कारण त्यावर एक निर्णय अवलंबून आहे.

कार्बनचा मुद्दा मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. स्पार्टिना चिखलात कार्बन साठवतं, मोकळ्या चिखलापेक्षा जास्त साठवतं, लाटाही अडवतं. हे खरं आहे. त्यामुळे ड्रोनने काढलेला जैवभार कार्बनमध्ये बदलून ‘राहू द्या की’ म्हणणारा आवाज उठतो. पण ज्या चिखलाला आपण मोकळा म्हणतो तो पक्ष्यांचं ताट आहे. पीत समुद्राच्या किनाऱ्यावर, यानचेंगजवळ, चमच्यासारखी चोच असलेला तो छोटा तुतवार उतरतो, जो आता जगात काही शेच उरला आहे. सैबेरियाकडून येणारे लाखो पाणपक्षी इथे आठवडे काढून पुढचा पल्ला गाठतात. म्हणूनच हा किनारा २०१९ मध्ये जागतिक वारसा यादीत आला आणि २०२४ मध्ये नवी दिल्लीत भरलेल्या बैठकीत त्यात शांघायजवळच्या छुंगमिंग बेटाचा पूर्व किनारा, पीत नदीचं मुख अशा जागांची भर पडली. त्या पक्ष्यांना लागणारे किडे-शिंपले गवताच्या दाटीत त्यांच्या चोचीला लागत नाहीत. हे नुकसान किलोंत मोजता येत नाही, म्हणून हिशोबात धरलंच जात नाही.

आपल्याकडे याची दोन रूपं आहेत. वेडी बाभूळ १८७७ च्या सुमारास जमैकाहून बी आणून कडप्पा भागात लावली गेली. १९६० च्या दशकात कच्छच्या बन्नीत खारं वाळवंट थोपवायला ती पेरली, आणि पुढे तिच्या कोळशावर लोकांचं पोट अवलंबून राहू लागलं. एकदा किलोला भाव आला की ती झाडं राहावीत असं वाटणारी माणसं तयार होतात, आणि त्यात त्या माणसांचा दोष नसतो. दुसरं रूप ठाण्याच्या खाडीचं. तिथे पसरणारी कांदळं परकी नाहीत, ती जपलीच पाहिजेत. पण गाळ साचून ती रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांच्या चिखलपट्ट्यांवरही सरकतात. नुसता जैवभार मोजणारा ड्रोन या बदलाला नफा म्हणेल. शिवाय आपल्या कांदळांना कोयता लावायला बंदी आहे, ती योग्यच आहे. पण त्यामुळे त्यांचं वजन काढताना बहुतेक वेळा दुसऱ्या किनाऱ्यांवरच्या झाडांची सूत्रं उसनी आणावी लागतात. २०२२ मध्ये बुलेट ट्रेनसाठी सुमारे २० हजार कांदळं तोडायला उच्च न्यायालयाने परवानगी दिली. अशी झाडं जेव्हा तुटणारच असतात, तेव्हा त्यातली शंभरेक तरी मुळांसकट तोलून इथल्या मातीतलं सूत्र काढण्याची अट परवानगीतच का असू नये?

पुन्हा चीनकडे येतो. छुंगमिंगच्या पूर्व किनाऱ्यावर २०१३ पासून सुमारे २४ चौरस किलोमीटर पट्ट्यात जे काम झालं, त्याची पद्धत सहा शब्दांत सांगतात: घेरा, कापा, बुडवा, वाळवा, लावा, सांभाळा. बांध घालून पट्टा वेगळा करायचा, गवत फुलोऱ्यावर असताना कापायचं, महिनोन्महिने पाण्याखाली ठेवून मुळं गुदमरवायची, मग जमीन वाळवून स्थानिक लव्हाळे आणि बोरू यांना जागा द्यायची. यातलं ‘सांभाळा’ हे काम सर्वांत लांबचं, आणि ड्रोनची खरी जागा मला तिथे दिसते. स्पार्टिनाचं बी निसर्गात साधारण वर्षभराच्या वर टिकत नाही. म्हणजे साफ केलेल्या चिखलात दोन वर्षांनी गवत उगवलं तर ते मातीत दडलेल्या जुन्या बियांचं नाही. एक तर मुळं जिवंत राहिली, नाहीतर शेजारच्या किनाऱ्यावरून भरतीने ताजं बी आणलं. दोन्हींवरचा उपाय वेगळा. पहिल्यात पाणी आणखी किती दिवस ठेवायचं ते बदलावं लागेल, दुसऱ्यात शेजारच्या प्रांताशी बोलावं लागेल. पुंजका कुठे उगवला आणि कुठून पसरला हे दरवर्षी त्याच ओहोटीला, त्याच उंचीवरून उडालेला ड्रोन दाखवू शकतो. त्याला तिथे ग्रॅमचीही गरज नाही. ९० टक्के काढलं तरी उरलेले १० टक्के दर शरदात फुलतात आणि त्यांचं बी कुठल्या प्रांताची हद्द मानत नाही. मोहिमेची मुदत २०२५ ला संपली. किनाऱ्याच्या प्रत्येक प्रांताने पुढची किमान पाच वर्षं या उड्डाणांचा आणि त्यांच्यासोबतच्या चौकटींचा खर्च वेगळा काढून ठेवावा, आणि चौकटींची वजनं, कुणी कापली आणि कशी कापली या नोंदींसकट, शेजारच्या प्रांताला बघायला खुली करावीत.